दार, नपुंसकलिंगी

ब्रिस्टल, १६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुप्रभाआत्यांस,
तनयाचा सा. न.

माझा पत्र लाल शाईत न्हाऊन परत आला. मी बत्तीस वर्षांची झाले तरी तुम्ही सोडत नाही.

गेम प्रोग्रामिंगच्या कोर्सचं विचारलंत. दिवसभर हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपी करते, पेशंट्सना रोज एक पाऊल टाका म्हणून सांगते आणि घरी येऊन लॅपटॉपसमोर रडते. माझी गेम अगदी सिम्पल आहे. एक बाई, एक किल्ली, एक दार. बाई किल्ली उचलते, बेल वाजते, पण दार उघडत नाही. तीन आठवडे झाले. एरर पण येत नाही. माझा डोकं चालत नाही.

क्लासमधले सगळे माझ्यापेक्षा लहान आहेत आणि त्यांच्या गेममध्ये ड्रॅगन उडतात. पंधरा मार्चला लायब्ररीत सगळ्यांनी आपली गेम दाखवायची आहे. मी नाव काढून घेणार आहे. वेद म्हणतो, एवढा त्रास होतो तर सोडून दे. नवरा प्रेमाने सांगतो तेव्हा जास्त लागतं.

तुमचा लोभ माझ्या व्याकरणावर अवलंबून नसावा.

तुमची,
तनया

ईलिंग, लंडन, २० फेब्रुवारी

चि. तनयास,
अ. उ. आ.

पत्र नपुंसकलिंगी आहे आणि डोकंही. दोन्ही सुधारून पाठवते आहे. डोकं चालत नाही हे मात्र मला मान्य नाही. ते आपल्या घराण्याचं आहे, नको तिथेसुद्धा चालतं.

वेद गुणी आहे, पण एवढ्यात त्याचं ऐकू नकोस. जे लिहिण्यात तीन आठवडे घालवलेस ते मला छापून पाठव. मला त्यातलं ओ की ठो कळणार नाही, पण बघायचं आहे. तोवर नाव काढू नकोस. काढायला एक मिनिट लागतं, ते शेवटच्या दिवशीही मिळेल.

लोभ तुझ्यावर आहे, तुझ्या काना-मात्रांवर नाही.

सुप्रभाआत्या

ब्रिस्टल, २४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यांस,
सा. न.

चार पानं पाठवते. प्रोग्राममध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं; कोर्समधल्या नावांशी गोंधळ नको म्हणून मी माझी नावं मराठीत ठेवली, फक्त अक्षरं इंग्रजी. पेन्सिलच्या खुणा माझ्याच.

परवा शनिवारी क्लासला गेले नाही. पोट दुखतं असं कळवलं. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, पण न जाण्याचं काहीच वाटलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

रागावू नका, एवढा लोभ करा.

तनया

ईलिंग, ३ मार्च

चि. तनयास,
अ. उ. आ.

चारही पानं वाचली. कॉम्प्युटरचं तुझं तू बघ, मी मराठी तेवढी तपासली. पहिल्या पानावर ‘दारउघडले’ लिहिलंस, ते बरोबर. तिसऱ्या पानावर किल्ली उचलल्यावर मात्र ‘दारउघडला’. दार नपुंसकलिंगी, किती वर्षं सांगते आहे? लाल खूण केली आहे.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. त्या तिसऱ्या पानावर तू अकरा ठिकाणी खोडलं आहेस, मी मोजलं. मला लिहिलेल्या पत्रांत तू कधी काही खोडत नाहीस. चुकलं तर आत्या बघेल म्हणून सोडून देतेस. वीस वर्षं मी तुझ्या चुकाच बघत आले, शाबासकी द्यायची राहून गेली. ती चूक माझी.

या देशात मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पाच वेळा नापास झाले. भूलतज्ज्ञ होते, ऑपरेशन थिएटरमध्ये हात कधी थरथरला नाही, पण रस्त्यावरचा गोल चौक, तो राउंडअबाउट, दिसला की घाम फुटायचा. सहाव्यांदा गेले ते जिद्दीने नव्हे. बसला कंटाळले होते, एवढंच. तेव्हा उभारी येण्याची वाट बघत बसू नकोस. ती बऱ्याचदा येत नाही आणि काम होऊन जातं.

लोभ आहे, आता शाबासकीसकट.

तुझी आत्या

ब्रिस्टल, ६ मार्च

ती. स्व. आत्यांस,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लाल खूण केलीत तीच माझी चूक होती. दार ‘दारउघडले’ची वाट बघत होतं आणि किल्ली ‘दारउघडला’ असं सांगत होती. लॅपटॉपला ती दोन वेगळी नावं वाटली आणि तो गप्प बसला. वेद इतका हसला की त्याचा चहा सांडला. मी पण हसले, मग थोडी रडले.

एक अक्षर बदललं. बाईने किल्ली उचलली, बेल वाजली आणि दार उघडलं.

आत्या, दाराच्या पलीकडे काहीच नव्हतं. नुसता राखाडी रंग. तिथली खोली मी बनवलीच नव्हती. इतके आठवडे दाराशी झगडले, पण ते उघडेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. खूप लाज वाटली.

नाव काढलेलं नाही. आज कामाला जायच्या आधी त्या खोलीची एक भिंत बनवली. वाकडी आली आहे. उद्या दुसरी बनवते. पंधरा तारखेला खोली पूर्ण होणार नाही, तरी तुम्ही या. मी स्टेशनवर घ्यायला येते.

लोभ सोबत आणा.

तुमची,
तनया