एकतीस भोकांचं फाटक

अमारा, ३ नोव्हेंबर

ती. चासिबदादास,
धाकट्या फख्रियाचा सलाम वि. वि.

तुझं गोळ्या खाल्लेलं फाटक बसऱ्याच्या प्रदर्शनात टांगलंय, ही बातमी खरी आहे. माझा जावई मुहन्नद काल स्वतः पाहून आला. फाटक तेच, कडीही तीच, मागे दिवा लावलाय आणि लोक भोकांत बोटं घालून फोटो काढतायत म्हणे. मी त्याला म्हटलं, ते फाटक जूनमध्येच नदीत बुडवलं. तर म्हणाला, मावशी, मग ते पोहून वर आलं असेल.

दादा, मी त्या पहाटे तुझ्याच घरी होते. तुझ्या रिसानने पाण्याचा टँकर मागे घेताना बैत मुझहिर घराण्याच्या थोरल्या हाजी मुझहिरच्या पुतण्याचा पाय चिरडला, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या दोन गाड्या आल्या. मी पलंगाखाली तोंड जमिनीला लावून पडले होते. अंगणात गोळ्यांनी तुझी म्हैस फाडली गेली, आणि मरायला तिने फार वेळ घेतला. मग वडीलधारे बसले, समेट झाला. त्यांनी नवीन फाटक बसवून द्यायचं, आणि जुनं दोन्ही घरांच्या डोळ्यांदेखत नदीत बुडवायचं, म्हणजे उद्या कुणी त्याच्याकडे बोट दाखवायला नको. मग तू बुडवलंस काय?

फोन केला असता, पण तुझ्याशी फोनवर बोललं की माझ्या सगळ्या गल्लीला ऐकू जातं, फक्त तुला नाही.

राग आहे तसा लोभही आहे. दोन्ही ओळखून लगेच उत्तर दे.

तुझी,
फख्रिया


अबुल खसीब, ५ नोव्हेंबर

चि. फख्रियास, अ. उ. आ.

तुझा जावई भलताच हुशार निघाला. लग्नाच्या वेळी वाटला नव्हता.

मी बुडवला तो एका जुन्या बार्जचा दरवाजा, गोणपाटात गुंडाळून. त्यांच्या माणसांना म्हटलं, लाज झाकूनच न्यावी. त्यांना ते इतकं पटलं की एकाने दोर धरायला हातही लावला.

आता रागावण्याआधी ऐक. बंदराच्या गोदीत चौतीस वर्षं मी वेल्डिंगचे जोड मारले. जोड डोळ्याला दिसला की फोरमन आईबहिणीवर येई. म्हणजे माझं चांगलं काम ते, जे कुणाला दिसलं नाही. निवृत्त झाल्यावर करवतीच्या पात्यांचे बगळे केले, साखळदंडाची म्हैस केली. रिसान त्यांना म्हाताऱ्याची खेळणी म्हणतो. पण कला महाविद्यालयातल्या तमाधिरबाई आल्या आणि त्या खेळण्यांसमोर तासभर उभ्या राहिल्या.

ते फाटक मी माझ्या लग्नाच्या वर्षी केलं होतं. गोळ्या झाडल्यानंतर सकाळी सवयीने मशीन ओढत आणलं, भोकं बुजवायला. आतल्या बाजूने पाहिलं, तर प्रत्येक भोकाशी पत्रा फाटून आत उमलला होता. एकतीस ठिकाणी. कुठली गोळी सरळ आली, कुठली गाडी चालू असताना सुटली, सगळं त्यात वाचता येत होतं. मी मशीन बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भोक बुजवलं नाही, आणि तेच माझं सर्वांत चांगलं काम झालं.

तमाधिरबाईंनी मांडलेलं हे प्रदर्शन पंधरा तारखेला संपतं. मग उतरवतो. बैत मुझहिरची माणसं चित्रं बघायला जात नाहीत. खजूर पाठवलेत, ड्रायव्हरने वाटेत खाल्ले नसतील तर पोचतील.

जावयाला आशीर्वाद, आणि तोंड बंद ठेवायला सांग.

तुझा,
चासिब


अमारा, ८ नोव्हेंबर

अबू रिसान,

आज दादा म्हणत नाही. तू कुणाचा बाप आहेस ते लक्षात राहावं, म्हणून असं लिहिते. सलाम.

बैत मुझहिरची एक मुलगी इथे दिलेली आहे. काल एका मयताच्या घरी ती मला ऐकू जाईल अशी बसली आणि शेजारणीला सांगू लागली, की बसऱ्यात म्हणे आमच्या घरच्या बंदुकीची नक्षी दिवा लावून दाखवतात. हाजी मुझहिरला गंडवून भलताच दरवाजा बुडवणाऱ्या त्या भंगारवाल्याला कुणीतरी निरोप द्या, पुढच्या वेळी फाटक नाही, माणूस टांगू. बायका रडायच्या थांबून माझ्याकडे बघत होत्या.

हे पत्र वाचून होताच फाटक उतरव. आणि रिसानला सांग. त्याला काहीच ठाऊक नसणार, तुला मी ओळखते.

लोभ नंतर. आधी हे कर.

फख्रिया


बसरा, सरकारी रुग्णालय, १२ नोव्हेंबर

चि. फख्रियास,

रिसान जिवंत आहे. डॉक्टर सकाळी म्हणाले, हात वाचेल. बोटांचं विचारलं तर त्यांनी कागद चाळायला घेतले.

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं होतं. मी मनात म्हटलं, पंधरा तारखेला सहाच दिवस आहेत. रिसानला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने स्वतः जाऊन ते उतरवलं असतं.

परवा दुपारी मी फाटकाकडे पाठ करून बगळ्याची मान घासत होतो. गोळ्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. समोरच्या बगळ्यातून ठिणग्या उडाल्या, आणि तो बगळा मी घासत नव्हतो. मला वाटलं, मशीनची वायर जळाली. वळलो तर रिसान टँकरच्या चाकाशी बसला होता आणि त्याच्या बाहीतला हात ओळखूच येत नव्हता, नुसतं लाल काहीतरी लोंबत होतं. गॅसच्या जुन्या नळीचा सुटा तुकडा त्याच्या दंडाला आवळला. तो माझ्या तोंडावर शिव्या देत होता. ऐकू येत नव्हत्या, पण ओठांवरून सगळ्या कळल्या.

त्यांनीच बसवलेलं नवं फाटक त्यांनी फोडलं. बगळे एकेक करून पाडले. जाताना शेजाऱ्याला सांगून गेले, या वेळी कोपर, पुढच्या वेळी डोकं.

मी पेटता कटर घेऊन त्यांच्या घराकडे निघालो होतो. नळीला हिसका बसल्यावर कळलं, सिलिंडर मागेच राहिला. तोवर शेजारच्या चौघांनी मला खाली पाडून छातीवर बसकण मारली. दोन दात गेले. बरं झालं.

काय लिहू?

चासिब


अमारा, १४ नोव्हेंबर

दादा,

दात गेले ते ठीक झालं. मी असते तर उरलेलेही काढले असते.

शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन येते. रिसानला इथे घेऊन येईन. त्याला भरवायला कुणीतरी लागेल, आणि ते तू असावंस असं मला सध्या वाटत नाही.

तरीही तुझीच,
फख्रिया


अबुल खसीब, १७ नोव्हेंबर

चि. फख्रियास, अ. उ. आ.

काल दोन्हीकडचे लोक बसले. मी दरवाज्याबद्दल खोटं बोललो हे कबूल केलं. हळू बोलत होतो असं मला वाटलं, शेजारी म्हणाला, मी ओरडत होतो. त्यांची अट आहे, शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, माझ्याच अंगणात, सगळ्यांसमोर फाटक मी माझ्या हाताने कापायचं. तळहातापेक्षा मोठा तुकडा उरता कामा नये.

तमाधिरबाई धावत आल्या. अम्मानला एकाला ते हवंय, उद्याच ट्रक निघेल, फाटक वाचेल म्हणाल्या. मी विचारलं, आणि रिसान? त्या स्वतःच दिवा काढून फाटक उतरवायला गेल्या. रिसान म्हणतो, कापू नका, माझा हात त्याच्यापायी गेला, ते तरी राहू दे. मी तिथून उठून सिलिंडर भरायला निघालो.

सिलिंडर भरून आणलाय. नोझल साफ केलं. काल एका पत्र्यावर हात चालवून पाहिला, रेघ वाकडी गेली. चौतीस वर्षांत कधी गेली नव्हती.

तू नमाजाआधीच त्याला घेऊन नीघ. मला तीन तास तरी लागतील. संपलं की हाजी मुझहिरपुढे कॉफी ठेवायची. तो प्याला, तर मिटलं, हात बरा झाला की रिसानला परत पाठव. न पिता पेला जमिनीवर ठेवला, तर त्यांचं मागणं शिल्लक आहे असं समज आणि त्याला तिथेच ठेवून घे. मागणं काय असेल ते मी विचारणार नाही. त्यांना आधीच सांगून ठेवलंय की फाटक मी लपवलं, रिसानने नाही, आणि कापून झाल्यावरही मी अंगणातच असेन.

लोभ तुझ्याकडे कधी मागावा लागला नाही. आहे तेवढा रिसानवर असू दे.

तुझा मोठा भाऊ,
चासिब