गामच्या रक्ताचं देणं तोइपानच्या नावे

मी, लाहतॉ रॉइ बू, मरान ला तान यांची विधवा, मूळची लुंगजा गावची, हल्ली मुक्काम सानबुम निर्वासित छावणी, कचिन डोंगर, म्यानमार, माझ्यामागे कशाचं काय करायचं ते सांगून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते पोट. चर्चच्या रविवारच्या वर्गात शिकवलं तेवढंच मला वाचता येतं, म्हणून मी बोलते आणि पाद्रीबाबा लाबांग ब्रांग लिहितात. त्यांनी माझं बोलणं गोड करायचं नाही, असं ठरलं आहे.

घाई अशासाठी, की लुंगजात सोन्याची खाण चालवणारी परदेशी कंपनी देश सोडून चालली आहे. इथल्या लष्कराशी धंदा करायला बाहेरच्या सरकारांनी बंदी घातली. म्हणून खाण लष्करातल्याच एका बड्या अधिकाऱ्याच्या मेव्हण्याला विकायची आणि हात झटकून जायचं. जाण्याआधी आमच्याकडून लिहून हवं आहे, की आमची काहीच तक्रार उरलेली नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीचा वकील तसा कागद घेऊन येईल. तोवर मी असेन असं दिसत नाही.

घर रीतीप्रमाणे धाकट्या मुलाचं, म्हणजे नॉचं. घराच्या जागी आता खाणीचा खड्डा आहे. तेव्हा नॉला खड्डा मिळाला असं समजावं, आणि तो कोणाला विकू नये.

माग आणि सूत सुनेला. तिची वीण सैल येते, पण तिच्याइतकं बसून राहणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

डुकरीण जावेला अजिबात द्यायची नाही. तिनं माझ्या लग्नात भात कच्चा ठेवला होता आणि अजून म्हणते, तांदूळच तसा होता.

चांदीच्या टिकल्यांचं जाकीट नातीला, तोइपानला. तिला आणखीही एक गोष्ट देते आहे. तीच या कागदातली मुख्य.

थोरला मुलगा गाम, तोइपानचा बाप. खाणीच्या पाण्यानं ओढ्यातले मासे मेले, तेव्हा तो गावकऱ्यांबरोबर रस्त्यात उभा राहिला. सैनिकांनी त्याला कंपनीच्या पांढऱ्या गाडीत घालून नेलं. तो परत आला नाही, त्याचं हाडही आलं नाही. कंपनी म्हणते, सैनिक आमचे नव्हते. गाडी त्यांची, डिझेल त्यांचं, सैनिक जेवायचे त्यांच्याच भटारखान्यात. फक्त गोळी तेवढी परकी.

आमच्यात माणूस मारला की मारणाऱ्याच्या घरावर रक्ताचं देणं बसतं. ते मिटेपर्यंत पुढच्या पिढ्यांवर जातं. देणं कबूल करणारा आधी म्हैस आणि काशाची घंटा घेऊन दारात येतो. बाकीचं सगळं त्यानंतर. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. कंपनीच्या शहरी कारकुनाला मात्र कुठूनतरी एवढंच कळलं होतं, की डोंगरी लोकांना म्हैस आणि घंटा दिली की ती खूश होतात. गेल्या हिवाळ्यात त्याचा साहेब दोन्ही घेऊन छावणीत आला. सगळी छावणी गोळा झाली. आमच्या म्हाताऱ्या सरदारांनी त्याला नीट विचारलं, हे गामच्या घरासाठी का? साहेब म्हणाला, हो, गामच्याच घरासाठी. कारकुनानं फोटोही काढले.

मग साहेबानं कागद पुढे केला. "आजीबाई, आता मिटलं ना?"

मी म्हटलं, "आता सुरू झालं. आजवर तुम्ही नाही म्हणत होता."

कारकुनानं ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलं, तेव्हा साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सही करून टाक म्हणून नॉ तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. कंपनीच राहणार नाही, तर भांडणार कोणाशी, म्हणतो. मुलगा वाईट नाही, थकला आहे. पण जाणारा कुठेतरी पोचतो. कंपनी जिथे पोचेल तिथेही कोर्ट आहे, आणि तिथली वकीलबाई तोइपानशी फोनवर बोलते.

म्हणून गामच्या रक्ताचं देणं वसूल करायचा हक्क मी नॉला न देता तोइपानला देते. सरदार कुरकुरले, की पोर लग्न करून दुसऱ्या कुळात जाईल, देणंही तिकडे जाईल. जाऊ दे. मागणारी दोन घरं होतील.

पाद्रीबाबा लिहिता लिहिता थांबले. "रॉइ बू, क्षमेचंही एखादं वाक्य घालू या."

"मागायला आलंय कोण?"

पण त्यांच्या म्हणण्याखातर देणं कसं मिटेल तेही लिहिते. पैशानं नाही. कंपनीच्या मोठ्या माणसानं लुंगजाच्या लोकांसमोर उभं राहून सांगावं, की सैनिक कोणी बोलावले, गाडी कोणी दिली, गामला कुठे पुरलं. ओढा साफ करून द्यावा. खाण विकली तरी हे त्यांच्याच अंगावर राहील. एवढं झालं, तर त्याच दिवशी तोइपाननं त्यांना पोटभर जेवू घालावं, वाटेसाठी पानात भात बांधून द्यावा, आणि पुन्हा विषय काढू नये. तोवर पाणीही विचारू नये.

हे सगळं मला वाचून दाखवलं. बरोबर आहे.

अंगठा : लाहतॉ रॉइ बू

साक्षीदार : पाद्री लाबांग ब्रांग, एन्खुम काय (छावणीतली सुईण)

खाली नॉनं लिहावं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं दोनदा पेन खाली ठेवलं. तेही पाद्रीबाबांनी लिहून ठेवावं.

"आईनं सांगितलं ते ऐकलं. गाम माझा भाऊ. मी वकिलाच्या कागदावर सही करणार नाही. मरान नॉ."

सानबुम छावणी, ९ नोव्हेंबर २०२३