गॅसच्या इंजिनाला माफी

१ मार्च, सकाळ
पोस्टात यंदाच्या रोड टॅक्सच्या स्टिकरची विक्री सुरू. मेहुणा लख्दर नाश्त्याआधीच रांगेत. स्टिकर काचेवर चिकटवून थेट आमच्या दारात, हॉर्न वाजवत. म्हणाला, भाऊजी, उरकून टाका, महिनाअखेर मुदत संपते. मला हसू आलं. आपल्याकडे मुदत असते ती वाढवण्यासाठी, दरवर्षी वाढते. शिवाय मी हा टॅक्स भरणारच नाही. नियम वाचलेत: इंजिन जितकं दमदार तितका टॅक्स जास्त, गाडी म्हातारी झाली की कमी, आणि गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला पूर्ण माफी. हे कलम शेवटपर्यंत वाचणारा आमच्या ब्लिदा शहरात मी एकटाच असणार.
संकल्प: पेट्रोल बंद. गॅसकिट बसवायचं. आयुष्यभर माफी.
४ एप्रिलला नर्जिसचं लग्न. सासरचे घाटापलीकडच्या मेदेआहून गाड्यांची वरात घेऊन येतील, पण लेकीनं बजावून ठेवलंय की ती माहेरातून निघेल ती बाबांच्याच गाडीतून. तेव्हा गाडी झोकात हवी. होईल.

५ मार्च
कलम वाचणारा मी एकटा नाही. गॅसकिटवाल्याच्या दारात अर्धं ब्लिदा उभं. मेकॅनिक म्हणाला, मे महिन्यात या. त्याला आठवण करून दिली की शाळेत गणितात मीच त्याला पास केलं होतं. म्हणाला, सर, तुम्ही नापास केलं होतं, म्हणून तर मी इथं आहे. तरीही पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. माझा अजून दरारा आहे.

१३ मार्च
किट बसलं. टाकीनं सगळी डिकी खाल्ली. बायकोनं विचारलं, नवरीच्या बॅगा कुठं ठेवायच्या? म्हटलं, मागच्या सीटवर. मग नवरी कुठं बसणार, म्हणे. इतकी वर्षं संसार करूनही झुलेखाला माझी दूरदृष्टी दिसत नाही.

१७ मार्च
वाहन तपासणीच्या ऑफिसात सकाळ गेली. तिथले साहेब म्हणाले, आमचे इंजिनिअर टाकी तपासणार, मग नोंदणी कार्डावर पेट्रोलच्या जागी गॅस लिहिणार, मग माफी. तारीख मिळाली एप्रिलअखेरची. आणि तोवर? तोवर पेट्रोलचा टॅक्स भरा! साहेबांना हाताला धरून गाडीपाशी नेलं, इंजिनाचा आवाज ऐकवला. त्यांना काही फरक कळला नाही. सरकारी कान. फार संताप आला. पण चिंता नाही. मुदत वाढली की तोवर कार्डही येईल.

२६ मार्च
नर्जिस गळ्यात हात टाकून म्हणाली, बाबा, माझ्यासाठी एवढ्या वर्षापुरतं घेऊन टाका ना ते स्टिकर. क्षणभर विरघळलो. पण माफी असताना टॅक्स भरायचा म्हणजे तत्त्वाचा खून. तिला नीट समजावलं. ती उठून आत गेली. पटलं असावं.

३१ मार्च, दुपार
मुदतवाढीची घोषणा अजून नाही. पोस्टावरून सहज चक्कर मारली. रांग मशिदीपर्यंत. घाबरट लोक.
संध्याकाळ. बातम्या पूर्ण पाहिल्या. फुटबॉल होता, हवामान होतं. मुदतवाढ नाही. विसरले असतील.

१ एप्रिल
वाढली! पूर्ण महिना! दाढीला गेलो तेव्हा जमेल नावाच्या आमच्या न्हाव्यानं सांगितलं. दुकानातले सगळे माना डोलवत होते. ताबडतोब लख्दरला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, भाऊजी, आज तारीख काय? जळतो, दुसरं काही नाही.

४ एप्रिल, सकाळ
गाडी फुलांनी सजवून आणताना नाक्यावर पोलिसांनी अडवलं. काचेवर स्टिकर नाही. मी गॅसचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. पोलीस म्हणाला, काका, कार्डावर पेट्रोल लिहिलंय. मग मी मुदतवाढीचा विषय काढला. मुदत वाढल्याचं कुणी सांगितलं? न्हाव्यानं. कधी? एक तारखेला. त्यानं जोडीदाराला हाक मारली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. काका, तुम्हाला एप्रिल फूल केलं, म्हणाले, आणि पोट धरधरून हसले. मग कार्ड जप्त. लेकीचं लग्न म्हणून घरापर्यंत जाऊ दिलं, पुढे गाडी हलवायची नाही. दंड भरून कार्ड सोडवावं तर आज शुक्रवार, जुम्म्याची सुट्टी, ऑफिसं बंद.

संध्याकाळ, मेदेआ
घरून निघायच्या वेळी मी बुरनूस, आमचा तो लोकरी झगा, खांद्यावर घेऊन हात उंच धरला. रिवाजाप्रमाणे नर्जिस त्या हाताखालून घराबाहेर पडली आणि थबकली. फुलांच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, मामाची गाडी मोठी आहे, ऐसपैस बसशील. ती बसली. लख्दर एका शब्दानंही टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.
त्या गाडीत नवरी, झुलेखा आणि दोन मावश्या. बाकीच्या गाड्या आधीच भरलेल्या. मला जागा मिळाली ती सगळ्यात मागे, ढोलवाल्यांच्या व्हॅनमध्ये. सबंध घाटभर मांडीवर ढोल. समोरचं काही दिसत नव्हतं. मला रडू आलं, पण वाजवणाऱ्यांच्या गोंगाटात कुणाला कळलं नाही.
उतरल्यावर झुलेखा म्हणाली, पोरगी प्रत्येक वळणावर मागे वळून बघत होती. बाबा कुठल्या गाडीत आहेत, असं विचारत होती. कुणालाच सांगता आलं नाही.