पाठमोरी मावशी

३ मार्च

चि. पोपटास,
अ. उ. आ.

दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालायची नोकरी तू धरलीस, तेव्हा मीच गल्लीभर मिरवले होते. तू मराठीत बोलती केलेली परदेशी मालिका लागली की इथे चिडीचूप होतं. खालची शिंपीण नायिकेसारखे खांदे उडवायला शिकलीये. ब्लाउज घट्ट झाला म्हटलं तरी खांदेच उडवते. एवढ्यावर भागलं असतं तर मीही हसले असते.

पण परवा तुझ्या नायिकेने मावशीच्या मुलाशी लग्न ठरवलं. मावसभाऊ म्हणजे भाऊच की रे. गल्लीने आधी कानांवर हात ठेवले आणि मग आमच्या घराकडे पाहिलं. तुझी आई गेल्यापासून तुझी बहीण ठकी माझ्याकडे वाढली. माझा मुलगा, भाऊ, तिला रोज स्कूटरवरून दवाखान्यात कामाला सोडतो. तर शिंपीण मला जिन्यात हळूच विचारते, यांचं कधी उरकताय. मी तिला फैलावर घेतलं, तर म्हणाली, आता चालतं सगळीकडे, दाखवतात की.

ठकी हल्ली बसने जाते. भाऊशी मान वर करून बोलत नाही आणि वसतिगृहात खोली बघतेय. पोर घर सोडून गेली तर मी तुझ्या आईला वर जाऊन काय सांगू? शब्द तू घातलास, तूच काढ. नाहीतर असली नोकरी सोड.

रागावले असले तरी तुझीच,
मावशी

११ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच आहे. मूळ भाषेत आईची बहीण काय नि बापाची काय, सगळ्यांना एकच शब्द. तो म्हणताना नायिका आधी ओठ मिटते. ओठ मिटले की आम्हाला प, ब नाहीतर म लागतो. 'आत्या' म्हणताना तोंड उघडतं, म्हणून मी 'मावशी' बसवलं. खरं सांगायचं तर तो शब्द लिहिताना तुझी आठवण यायची. आता कळतंय की ती बापाची बहीण आहे. आतेभाऊ कुणाला खटकला नसता.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मालिका खंडातल्या सगळ्या भाषांत जाते, तक्रार तुझ्या एकट्याचीच. वर त्यांनी उपायही काढला. पुढल्या मालिकेपासून सगळ्या भाषांत सगळ्या बायका 'आंटी'. खंड एक होतोय आणि तुम्ही मावशी-आत्या करत बसलाय, असं ऐकवलं. मी मान डोलावली.

पण लग्नाच्या भागात ती बापाची बहीण खिडकीकडे तोंड करून उभी आहे. पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, त्याच्या तोंडात काहीही घालता येतं. ठकीला तेवढा भाग बघायला बसव.

तुझा ओरडा हक्काने खाणारा,
पोपट

२ एप्रिल

चि. पोपटास,
अ. उ. आ.

काल ती बाई खिडकीशी उभी राहून म्हणाली, मी तुझी मावशी नाही गं, तुझ्या बापाची बहीण, तू आपली लाडाने मावशी म्हणत आलीस. अख्ख्या गल्लीने हुश्श केलं. सकाळी शिंपीण दारात हजर. म्हणाली, आत्या निघाली म्हणजे ठीकच झालं, आणि तुमची तर मावसभावंडं, त्यांचं कसं जमेल, मीच वेड्यासारखी बोलले. मी तिला चहा दिला.

ठकीने वसतिगृह रद्द केलं. आज स्कूटरवर मागे बसून भाऊशी भांडत गेली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुझ्या खऱ्या आत्याचाही फोन आला होता. तुझी आई गेल्यावर जी फिरकली नाही, ती म्हणते मलाही लाडाने मावशी म्हणा. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण आता तिलाही पुरवावी लागणार.

पण एक सलतंय. ही दोघं एका ताटात जेवून वाढली. ती भावंडं आहेत हे मी जिन्यात घसा फुटेस्तोवर सांगितलं, तर शिंपीण खांदे उडवून गेली. त्या पाठमोऱ्या बाईचं तिला एका वाक्यात पटलं. या वेळी लिहायला तू होतास म्हणून निभावलं. उद्या तुझ्या खुर्चीत दुसरा कुणी बसला, तर माझी पोरं एकमेकांची कोण हे तोच ठरवणार.

तेव्हा नोकरी सोडू नकोस. साहेबांपुढे मान डोलावत राहा. तुझ्यावर जीव आहे तसाच आहे, पत्राचा आळस करू नकोस.

तुझी,
मावशी