आवळलेल्या हिलमनची किल्ली

मी, शिवप्रसाद चंद्रप्पा हलकुडे, वय ५४, धंदा छपाई, राहणार लातूर, सर्वप्रथम नोंदवतो की गेल्या जूनपासून मला माझ्याच घराचं फाटक पूर्ण उघडता आलेलं नाही. शेजारच्या क्लासच्या तीनशे सायकली त्याला टेकलेल्या असतात. स्वतःच्या घरात आडवा शिरणारा हा इसम बुद्धीने सरळ असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. परवा हैदराबादला हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याच आठवड्यात दहावीचा निकाल आहे, म्हणून घाई.

१. घर व छापखाना पत्नी मंजुश्रीस. तिने वीस वर्षं क्लासवाल्यांच्या जाहिराती तपासल्या. तिच्या सोशिकतेला वेगळा पुरावा नको.

२. धाकटा भाऊ बसवराज, सदर क्लासचा संचालक, यास त्याचीच उरलेली दोन हजार पत्रकं. त्यांवर तो आमच्या हिलमन मोटारीला टेकून हसतो आहे. खाली मजकूर : 'भूकंपात धावलेली गाडी, यशाकडे नेणारे सर.' त्र्याण्णवच्या त्या भूकंपात सर अकरा दिवस अंगणातल्या तंबूत होते; जेवायलाही घरात येत नव्हते. गाडी किल्लारीकडे मी आणि गॅरेजवाल्या मोहियोद्दीन मिस्त्रीने नेली. जखमी आणता आणता, त्या खडकाळ वाटांवर तिचं स्टिअरिंग घासलं.

३. वडिलांची ही १९५४ची हिलमन बसवराजला कदापि मिळू नये. गतवर्षी निकालाच्या मिरवणुकीसाठी ती त्याने मागून नेली. मिस्त्रीने त्याला बजावलं होतं, "स्टिअरिंगचा बॉक्स मधीच घासलाय, कडंला न्हाई. आवळला तर सरळ लई झ्याक चालंल, वळणावर जाम हुईल. खोलून आतला वर्म गिअर बदलावा लागतो, टाय रॉडचे जॉइंट बी. महिना द्या."

"मिरवणूक परवा हाय, चाचा!"

बसवराजने दुसरीकडून बॉक्सचा स्क्रू आवळून आणला आणि मला सांगितलं, "मिस्त्रीनंच केलंय, आण्णा."

ताशा, गुलाल, आत तीन गुणवंत. चौकात चाक वळलं ते परत फिरलंच नाही. गाडी रसवंतीत घुसली. गाडीतल्या उमैमा नावाच्या पोरीचा हात मोडला. त्यावर सर म्हणाले, "डावा हाय, आण्णा. लिहायचा न्हाई."

काल याच माणसाने यंदाच्या मिरवणुकीसाठी पुन्हा किल्ली मागितली.

४. हिलमन मिस्त्रीची मुलगी रईसा हिला. ती लेथवर बुश काढते ते मापात बसतात. हातोडीने बसवावे लागत नाहीत. वर्म गिअर आणि जॉइंट बदलून ती स्वतः चौकात वळवून पाहीपर्यंत गाडीत एकही पोर बसवू नये. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून शेवटचं नेतात. बसवराजला तेव्हा हिलमन आठवेल. मलाही तीत बसवू नये. किल्ली आजच रईसाच्या हातात दिली आहे.

५. अपघातादिवशी भर चौकात मी मोहियोद्दीनला 'हरामखोर' म्हणालो. स्क्रूची खरी गोष्ट आठवड्यात कळली. तरी वर्षभर त्याच्या गल्लीने गेलो नाही. आज सकाळी गेलो. पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणालो, "मिस्त्री, चुकलं माझं."

त्याने हात पुसले, स्टूल सरकवलं. "बसा. चहा यायलाय."

चहा पिऊन आलो.

आमच्यासमक्ष वाचून सही केली :
साक्षीदार : गुरुबसप्पा तोंडारे, कंपोझिटर, शरणम्मा बिराजदार, शिक्षिका
शि. चं. हलकुडे
लातूर, १४ जून २००३