ओळीचं शेपूट

बाबा,

गेल्या मंगळवारी पुरानी बस्तीतल्या स्टुडिओत माझ्या गाण्यात एका पुरुषाचा आवाज निघाला. मला तो ऐकू आला नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला आला. तो पन्नाशीचा आहे, निम्मं आयुष्य देवीची गाणी रेकॉर्ड करत आला आहे, आणि चेष्टा करणाऱ्यांतला नाही. शेजारचं देऊळ दुपारी बंद असतं, घंटा वाजत नाही, म्हणून त्याच्याकडे काम त्याच वेळात होतं. पंखा बंद, दार बंद. आत मी एकटी, काचेपलीकडे तो. गाणं संपलं तेव्हा त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि विचारलं, "दीदी, ये भैया कौन हैं?"

"कौन भैया?"

"मज़ाक मत करो. लाइन के आखिर में जो पकड़ रहे हैं. आपसे नीचे के सुर में."

त्यानं मला पडद्यावर दाखवलं. माझ्या आवाजाची उंचसखल रेघ, आणि ओळ संपते तिथे ती सपाट. त्यानं त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. "इसमें तो कुछ नहीं है," तो म्हणाला. "कान में है."

हे नवं नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात आलेल्या आपल्या लोकांचं गाण्याचं मंडळ होतं. जयंतीला, लग्नात, कुणी वारलं तरी, पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या, विहारासमोर सतरंजी पडायची. मुख्य गाणारा पुढे. तुम्ही मागे, डावा हात कानावर, कारण तो कान मिलच्या आवाजानं नेला होता. गाणारा ओळ म्हणायचा आणि शेवटचा शब्द सोडून द्यायचा. तो शब्द तुम्ही उचलायचात, ओढायचात, खाली नेऊन ठेवायचात. याला झील म्हणतात आणि ती देणाऱ्याला झीलकरी. तुम्ही आयुष्यात एक अख्खी ओळ म्हटली नाही. आई म्हणायची, "जिंदगीभर दुसऱ्याच्या ओळीचं शेपूट धरून राहिला हा मानूस." तुम्ही म्हणायचात, "शेपूट नाई धरलं तं म्हशीसंग नदीपार कसा जाऊ?"

उरल्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या रोलिंग मिलमध्येही तुमचं काम तसंच होतं. मी एकदाच पाहिलं, डबा द्यायला आले होते तेव्हा. फिरत्या लोखंडी रुळांमधून लाल सळई सळसळत बाहेर येते आणि तुम्ही हातभर लांब सांडशीनं तिचं तोंड पकडून ती पुन्हा रुळांत घालता. पलीकडचा माणूस ती धरून परत पाठवतो. क्षणभर उशीर झाला तर सळई वाटेल तिथे जाते. तुम्ही सळईकडे पाहत नव्हता. रुळांच्या फटीतून पलीकडच्या माणसाकडे पाहत होता. घरी मी विचारलं, तर म्हणालात, "सळई पायली तं उशीर होते."

मी अकरा वर्षांची होते तेव्हा मला पहिल्यांदा पुढे बसवलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, मला चेव आला, आणि मी शेवटचा शब्द स्वतःच म्हणून टाकला. मागे वळून पाहिलं तर तुमचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं.  घरी आई भाताची पेज काढत होती, वाफेनं सगळं स्वयंपाकघर पांढरं झालं होतं, आणि त्या वाफेतून तुमचा आवाज आला. "शेवटचा शब्द गानाऱ्याचा नसते, पोट्टी. ज्यानं आयकलं त्याचा असते."

"मंग मी काय करू?"

"तोंड उघडं ठेवाचं. अन् वाट पायची."

तुम्ही रागावला नव्हता. म्हणून ते राहिलं.

दहावी पास झाले तेव्हा तुम्ही सदर बाजारातून एक कॅसेट आणली. एका दुकानाबाहेर खोक्यात ढीग होता, त्यातली, लेबल निघून गेलेली. आत काय आहे हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. आपण जमिनीवर बसून ऐकली. एक बाई गात होती, छातीच्या खालून कुठून तरी, आणि मागे चार-पाच जणी. "हे कोन लोक हायेत?" तुम्ही विचारलं. अमेरिकेतले काळे लोक असावेत, मी म्हटलं. "काय म्हनून राहिले?" मला कळत नव्हतं. तुम्ही चांगला कान टेपजवळ नेला. बाईनं ओळ अर्धी सोडली, मागच्यांनी ती उचलली. तुम्ही मान हलवली. "झील हाये न त्याईच्यात. मंग समजते."

त्या गाण्याला सोल म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आज माझ्या गाण्यालाही तेच म्हणतात. मी आता शेहेचाळीस वर्षांची आहे. माझ्या मागे कुठली कंपनी नाही. गाणी मी लिहिते, चाली मी लावते, रेकॉर्ड करते, इंटरनेटवर टाकते. आठवडाभर शाळेत गाणं शिकवते आणि सुट्ट्यांत गाडीत बसून लहान लहान खोल्यांत गायला जाते. साठ खुर्च्या, कधी चाळीस. लोक सगळ्यात जास्त बोलतात ते माझ्या ओळींच्या शेवटी असलेल्या रिकाम्या जागांबद्दल. ही माझी शैली आहे असं छापूनही आलं आहे. शैली नाही ती. मला तसंच शिकवलं गेलं, आणि उचलणारा राहिला नाही.

पुण्यात एकदा कार्यक्रमानंतर एक बाई भेटायला आली. माझी एक ओळ होती, आईच्या पदराला वास यायचा, आणि पुढे मी थांबते. माझ्या मनात तिथे 'हळदीचा' असतं. बाई म्हणाली, "लोखंडाचा, हे फार आवडलं. आत कोण म्हणतं ते?" मी हसले. लोक आपापला शब्द घालतात असं मानलं. हॉटेलवर परतताना रिक्षात आठवलं. आई तुमचे मिलचे कपडे धुवायची आणि हात पदराला पुसायची. हे मी कुठल्याही गाण्यात लिहिलेलं नाही. मी विसरलेच होते.

मग बेंगळुरूला एक माणूस. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं, की शेवटच्या गाण्यात मागचे गृहस्थ सारखे म्हणत होते, त्या 'काहून' शब्दाचा अर्थ काय? मी तो शब्द गाण्यात वापरत नाही. मी शिकलेली मराठी लिहिते, तुम्ही हसायचात तसली. मी त्याला अर्थ सांगितला: का, कशासाठी. मग तो म्हणाला, बरोबर, ते विचारतच होते.

त्यानंतर मी थांबायला हवं होतं. उलट मी मुद्दाम तशा ओळी लिहायला लागले. विचारायचं, थांबायचं, आणि कार्यक्रमानंतर दाराशी उभं राहून लोकांकडून तुमचं उत्तर काढून घ्यायचं. "शेवटी काय ऐकू आलं?" लोकांना ही माझी विनम्रता वाटते. कुणी सांगतं 'हव', कुणी 'नाई'. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, 'भात'. सगळ्यांना ऐकू येतं. मला येत नाही. मी कितीदा परत परत लावून ऐकलं आहे. तिथे फक्त खोलीचा आवाज असतो आणि माझा श्वास.

छोट्या गोष्टी मी विचारत राहिले. मोठी विचारायला चोवीस वर्षं लागली.

तो दिवस तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते. माझा स्वतःचा पहिला कार्यक्रम. माझी गाणी, सोबत गिटार आणि ड्रम. तुम्ही सुट्टी टाकली होती. सकाळी पेटीतून पांढरा शर्ट काढून खाटेवर पसरून ठेवला होता. मी म्हटलं, "बाबा, आज तुमी समोर बसा. वर नका येऊ. हे वेगळं गाणं आहे."

"मंग शेवटचं कोन म्हनन?"

"कोणीच नाही."

तुम्ही खाटेवरच्या शर्टाकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हव." शर्टाची घडी घालून तो पेटीत ठेवलात, आणि सुट्टी रद्द करून दोनच्या शिफ्टला गेलात. आई म्हणाली, "काहून चालले हे?" मी आरशासमोर होते. 

कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू झाला. सवयीनं मी ओळींचे शेवट सोडत गेले, आणि ती शांतता लोकांना आवडली. बाहेर पडताना पाऱ्यातल्या एका मावशीनं माझा हात धरला. लहानपणापासून तुमचं गाणं ऐकलेली बाई. "तुह्या बापानं आज बेस झील देली व," ती म्हणाली. मी म्हटलं, बाबा आलेच नव्हते. "चाल, चाल! मी का बहिरी हाओ?" मी हसण्यावारी नेलं. फाटकाशी मिलचा माणूस सायकल धरून उभा होता.

सळई मांडीतून गेली होती. नऊ दिवस तुम्ही होतात. बोलत होतात. नर्सवर चिडत होतात, सायकलच्या चेनला तेल घालायला सांगत होतात. एका दुपारी म्हणालात, "झालं का तुहं गानं?" झालं, मी म्हटलं. "शेवटचं कोन म्हनलं?" मी म्हटलं, कोणीच नाही. तुम्ही हसलात. औषधामुळे असेल. तेव्हा मला विचारता आलं असतं, पण तेव्हा मला प्रश्नच माहीत नव्हता. तो तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी आला. रुळांपलीकडे तुमच्यासमोर उभा राहणारा माणूस घरी आला, जेवला, आणि चप्पल घालताना हळूच म्हणाला, "सरिया छूटा नहीं था शायद, दीदी. छोड़ा था. भैया ने सँड़सी खोल दी, ऐसा लगा." मग घाबरून म्हणाला, "कसम नहीं खाऊँगा. उधर भाप बहुत थी."

तर मंगळवारी मी हे गाणं रेकॉर्ड केलं. शेवटची ओळ अशी आहे: त्या दुपारी सांडशीतली लाल सळई. पुढे जागा. सुटली, किंवा सोडली. दोन्ही शब्द चालीत बसतात.

त्या माणसानं ती ओळ पुन्हा लावली. मी त्याच्या शेजारी उभी होते. मला खोलीचा आवाज आला आणि माझा श्वास. त्यानं डोळे मिटले होते. मग उघडले. मराठी त्याला समजत नाही, पण एवढं समजलं असावं, की मी त्याच्याकडे गाण्यासाठी पाहत नव्हते.

"बोलूँ क्या, दीदी? एक ही शब्द है."

"नहीं."

"साफ़ है बिल्कुल. सुन तो लो."

"नहीं, भैया."

मी आत गेले. दार लावून घेतलं. त्याला खूण केली, आणि ती ओळ पुन्हा गायले. शेवटापर्यंत गायले. अकरा वर्षांची असतानाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा शेवटचा शब्द मी म्हटला. मी 'सुटली' म्हटलं. तो खाली नेऊन ठेवता येईना, माझा आवाज तितका खाली जात नाही. तो वरच लोंबकळत राहिला. काचेपलीकडे त्यानं मान एका बाजूला कलती करून ऐकलं, मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"अब नहीं हैं," तो म्हणाला. "चले गए."

गाणं तसंच बाहेर गेलं आहे. आधीचं मी त्याला पुसायला लावलं. ऐकणारे लिहितात की छान आहे, एक-दोघांनी लिहिलं की काहीतरी कमी झालंय. परवा भिलाईत जुनी गाणी गायले, जुन्या जागा तशाच रिकाम्या ठेवून. दाराशी उभी राहिले. सगळ्यांना विचारलं. कुणाला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्यांदा मी तुम्हाला वर येऊ नका म्हटलं, आणि दुसऱ्यांदाही तुम्ही हव म्हणालात.

हे गाऊन सांगितलं असतं तर शेवटी जागा राहिली असती, आणि पुन्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले असते. म्हणून लिहिलं. लिहिलेल्याला झील नसते. हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही, विहारात नाही, मंचावर नाही, एकटी असताना मोठ्यानंही नाही.

एक मात्र लपवलं, ते सांगते. मी त्याला नाही म्हटलं, पण त्याआधी, तो डोळे मिटून ऐकत असताना, त्याचे ओठ हलले होते. ऐकलेला शब्द माणूस पुटपुटतो तसे. तेव्हा मी मान वळवली नाही. मी त्याच्या ओठांकडे पाहत होते, अगदी जवळून. ते गोल झाले आणि मिटले. घरी येऊन मी आरशासमोर दोन्ही शब्द म्हणून पाहिले, बाबा. दोन्हींना ओठ सारखेच गोल होतात.