राऊच्या घरामागची बारा फूट जमीन

मी, सुभेदार (निवृत्त) चांगदेव तुकाराम गजभिये, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार राऊ, जिल्हा इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी मंजुळा शेजारी बसून शुद्धलेखन तपासते आहे, त्याला दबाव समजू नये.

कलम १. घर आणि बँकेतल्या ठेवी मंजुळाच्या. तिच्यानंतर घर मुलगा अश्वजितचे आणि ठेवींतले उरेल ते मुलगी नंदिनीचे. नंदिनीने फोनवर फक्त माझा रेडिओ मागितला, म्हणून रेडिओही तिचा.

कलम २. गवत कापायचे मशीन, लोखंडी रोलर आणि 'उत्कृष्ट लॉन'च्या सात ढाली आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी बंडू दिघे यांना. मी लॉन मोडले तेव्हा याच गृहस्थांनी अंगण जंगली दिसते म्हणून नोटीस धाडली. वर म्हणाले, "सुभेदारजी, कॉलनीच्या इज्जतीचा सवाल आहे ना." ती इज्जत आता त्यांनी आपल्या घरी मांडावी. ढालींना महिन्यातून एकदा पॉलिश लागते.

कलम ३. यात मालमत्ता नाही, कबुली आहे. महूच्या छावणीत लॉन कसे राखतात ते मी पाहिले होते. निवृत्तीनंतर इथेही तसेच लावले. गवताचे एक पाते रांगेबाहेर खपवून घेत नसे. मुठीमुठीने युरिया टाकायचो, कीटकनाशक वेगळे. शेजाऱ्यांनाही मीच शिकवले, दर रविवारी सकाळी सात वाजता, रांगेत उभे करून. पाऊस आला की ते सगळे वाहून मागच्या तळ्यात जायचे. ज्या वर्षी सगळ्या कॉलनीचे लॉन हिरवे झाले त्याच वर्षी तळेही हिरवे झाले. वर शेवाळ, खाली मेलेले मासे. बेडूक बंद झाले. बंडूजी इकडेतिकडे तक्रारअर्ज करत फिरले, पण युरियाची रिकामी पोती माझ्याच गच्चीवर होती. मला फार लाज वाटली. या तळ्यातून निघणाऱ्या आमच्या नाल्याचे पाणी चंबळ, यमुना, गंगा करीत बंगालच्या समुद्राला मिळते. तिथल्या माशांपर्यंत माझी मूठ पोहोचली असल्यास त्यांचीही माफी मागतो.

कलम ४. घरामागची बारा फूट रुंद जमीन. लॉन उपटून मी तिथे खड्डे केले आणि रानगवत वाढू दिले. आता गल्लीचे पाणी तिथे थांबते, मुरते आणि गाळले जाऊन तळ्यात उतरते. चौथ्या वर्षी बेडूक परत आले. झोप मोडते म्हणून मंजुळाने तक्रार केली, तेव्हा मला सातही ढालींपेक्षा जास्त आनंद झाला. गेल्या उन्हाळ्यात टिटवीने उघड्यावर चार अंडी घातली आणि चार आठवडे मला माझ्याच नळापर्यंत जाऊ दिले नाही.

अश्वजितला तिथे फरशी घालून गाडी उभी करायची आहे. "बाबा, बाहेर स्क्रॅच येतात, समझा करो ना," असे त्याचे म्हणणे. येतात, खरे आहे. वकिलांनी अट सुचवली की फरशी घातल्यास घर नंदिनीला जावे. दोन दिवस विचार केला. अश्वजित, अट घालत नाही. मी गवताला हुकूम दिला, शेजाऱ्यांना दिला, तुला तर लहानपणी चहाबरोबर दिला. ते तळे हुकूम मानणाऱ्यांनीच मारले. जमीन बिनशर्त तुझी. फक्त एक पावसाळा थांब आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते तिथे उभा राहून बघ. मग वाटले तर घाल फरशी. मला वाईट वाटेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

सहीपूर्वीची नोंद: अश्वजितने कलम ४ दोनदा वाचले. मग फरशीवाल्याला फोन लावून म्हणाला, "भिया, अभी रहने दो, बारिश के बाद देखते हैं." या मृत्युपत्राचा पहिला लाभ मलाच झाला, तोही जिवंतपणी.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) चांगदेव तुकाराम गजभिये

साक्षीदार:
१. (सही) शशिकला मोघे, निवृत्त शिक्षिका, राऊ
२. (सही) प्रशिक रामटेके, बँक कर्मचारी, महू

स्थळ: राऊ, इंदूर
दिनांक: १७ मे २०२५